यूपीआय येतं, पण स्टेटमेंट वाचता येतं का? – मोबाईल आणि घरखर्चाचा हिशेब

ताळेबंद (धागाकर्ता)

भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करणं आता काही कसब राहिलेलं नाही, शेंबडं पोरही करतं. तरी "आमच्याकडे सगळ्यांना मोबाईल बँकिंग येतं" असं सांगणाऱ्या घरात विचारून बघा: खात्यातून दर महिन्याला आपोआप काय काय कापलं जातं? किती तारखेला? ती परवानगी कुठे दिली होती, आणि बंद कुठून करायची? बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

पैसे पाठवता येणं आणि गेलेल्या पैशांचा माग काढता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं लोक आठवड्यात शिकतात. दुसरं कुणी शिकवत नाही, आणि घराची शिल्लक टिकते ती मात्र त्याच्यावर. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं नक्की माहीत आहे त्यांनी पायऱ्यांसकट लिहावं. "जमाना बदलला" छाप प्रतिसाद नकोत.

सुरुवात मी करतो, स्टेटमेंटपासून.

बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा नेटबँकिंगमधून तीन महिन्यांचं विवरण उतरवा. एक महिना पुरत नाही, कारण तिमाही कापण्या (एसएमएस चार्ज, किमान शिल्लक नसल्याचा दंड) त्यात सुटतात. पीडीएफ आणि एक्सेल असे दोन पर्याय असतील तर एक्सेलच घ्या, पीडीएफमध्ये बेरीज होत नाही. मग 'तपशील' हा रकाना धरून क्रमवारी लावा, तारीख धरून नाही. एकाच ठिकाणी गेलेले पैसे लगेच एकाखाली एक येतात. समजा, एकाच टपरीच्या नावापुढे महिन्यात २६ नोंदी आहेत, कुठे ४०, कुठे ६०. सरासरी ५० धरली तरी १,३०० रुपये होतात. तारखेच्या क्रमाने हे कधीच दिसलं नसतं.

आता चार रंग करा. २०० च्या आतल्या यूपीआय नोंदींना एक. आपोआप जाणाऱ्यांना दुसरा. बँकेने स्वतः कापलेल्यांना तिसरा. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात किंवा बायको-नवऱ्याच्या खात्यात पाठवलेल्यांना चौथा. चौथ्याची बेरीज खर्चात धरायची नाही. घोळ बहुतेक इथेच होतो: पगाराच्या खात्यातून १०,००० घरखर्चाच्या खात्यात गेले, तिथून किराणा झाला, आणि हिशेबात तो किराणा दोनदा लागला. मग "एवढा खर्च होतोच कसा" म्हणून घरात वादावादी.

एटीएममधून काढलेली रक्कम हा एक बंद डबा आहे. त्याचा माग स्टेटमेंटमध्ये नाही. तेवढ्यापुरती वहीच लागते.

खिडकी_क्रमांक_दोन

चांगला विषय. तपशिलाच्या रकान्यातलं काय वाचायचं ते मी सांगते. मांडणी बँकेगणिक थोडी बदलते, पण खुणा त्याच.

'यूपीआय' नंतर 'डीआर' म्हणजे गेले, 'सीआर' म्हणजे आले. त्याच्यापुढचा १२ अंकी आकडा हाच व्यवहाराचा खरा क्रमांक. तक्रार करायची वेळ आली तर हा लागतो. अ‍ॅपमध्ये जो अक्षरं-आकडे मिसळलेला लांबलचक क्रमांक दिसतो तो अ‍ॅपचा स्वतःचा असतो. लोक तोच लिहून आणतात आणि शाखेत शोध लागत नाही.

'एसीएच' किंवा 'नॅच' (खात्यातून हप्ते आपोआप कापायची बँकांची व्यवस्था) आणि डेबिट म्हणजे कर्जाचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडाचा ठरावीक हप्ता), विम्याचा हप्ता यांपैकी काहीतरी. 'एपीबीएस' किंवा 'डीबीटी' म्हणजे आधारवरून आलेले सरकारी पैसे. 'रिटर्न चार्ज' दिसला तर एखादा हप्ता परत गेलाय. हा बँकेचा दंड झाला. हप्ता घेणारी संस्था तिचा वेगळा लावते. परत गेलेला हप्ता ते दोन-चार दिवसांनी पुन्हा लावतात. तेव्हाही शिल्लक नसेल तर पुन्हा दंड. असे एका हप्त्याचे तीन दंड झालेली स्टेटमेंटं खिडकीवर नेहमी येतात.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी जरूर बघा. ४३६ रुपये म्हणजे जीवन ज्योती, २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा. दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण एका माणसाला एकाच खात्यातून घ्यायच्या. दोन बँकांत खाती आणि दोन्हीकडे फॉर्मवर सही, असं असलं की दोन्हीकडून कापले जातात. दावा मिळतो एकाचाच, जास्तीचा हप्ता बुडतो. त्यामुळे स्टेटमेंट माणशी एक न बघता घरातली सगळी खाती शेजारी ठेवून बघायला हवीत.

हिशेबी

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याला थोडा विरोध. माग काढता आला म्हणजे खर्च आटोक्यात येतोच असं नाही. रोख हातातून जाताना पाकीट हलकं झालेलं कळतं, यूपीआयला ते वजनच नाही. महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये रंग भरून काय उपयोग, पैसे तर गेले. आधी कुंपण घाला, मग मोजा.

कुंपण म्हणजे यूपीआय लाइट. खात्यातून जास्तीत जास्त ५,००० रुपये त्यात बाजूला काढता येतात, एका वेळी १,००० पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. एक तारखेला वरखर्चाचे समजा २,००० त्यात भरायचे. चहा, रिक्षा, झेरॉक्स सगळं त्यातून. २० तारखेला संपले की संपले, पुढचे दहा दिवस पाकीट रिकामं असल्यासारखं वागायचं. फक्त 'ऑटो टॉप-अप' चालू करून ठेवू नका. अ‍ॅप ते आग्रहाने विचारतं. चालू केलं की कुंपणाला फाटक लागलं.

ताळेबंद

@हिशेबी, कुंपण मान्य. पण दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. लाइटमधले छोटे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून येत नाहीत, फक्त "२,००० भरले" एवढी एकच नोंद येते. पासबुक सुटसुटीत होतं, पण तपशील फक्त अ‍ॅपमध्ये उरतो. दुसरं म्हणजे ते पैसे त्या फोनशी बांधलेले असतात. फोन बदलायच्या किंवा रिसेट करायच्या आधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्यायची. आणि पिन लागत नसल्यामुळे फोनचं कुलूप नीट हवं. घरातल्या सगळ्यांना पॅटर्न माहीत असलेल्या फोनवर ५,००० भरून ठेवण्यात अर्थ नाही.

रानजाई

बचत गटांच्या प्रशिक्षणात नेहमी येणाऱ्या अडचणी लिहिते. तुमची एक्सेलची पायरी फार पुढची आहे. त्याच्या आधीचा प्रश्न: खातं बाईचं, पण त्याला जोडलेला नंबर कुणाचा?

खातं उघडताना नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर दिलेला असतो. यूपीआय सुरू करायला नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं. त्यामुळे बाईकडे स्वतःचा स्मार्टफोन आला तरी तिचं खातं त्यात चालत नाही, ते नवऱ्याच्या फोनमध्येच चालतं. पैसे आल्याचा मेसेजही तिकडेच. म्हणजे 'लाडकी बहीण'चे १,५०० जमा झाले की घरात आधी कुणाला कळतं हे त्या एका नंबरवर ठरतं. वापरायचे कसे हा निर्णयही मग ज्याला आधी कळलं त्याचाच होतो. मला विचाराल तर हा नंबर बदलणं हे पहिलं डिजिटल शिक्षण.

क्रम असा ठेवायचा. आधी आधारला स्वतःचा नंबर जोडायचा. हे आधार केंद्रावर अंगठा देऊन होतं, शुल्क ७५ रुपये (ऑक्टोबर २०२५ पूर्वी ५० होतं). पावती जपून ठेवायची. मग पासबुक, आधार आणि नव्या नंबरचं सिम घेऊन शाखेत मोबाईल बदलाचा फॉर्म. मेसेज येऊ लागले की यूपीआय. डेबिट कार्ड नसेल तरी चालतं: पिन बनवताना कार्डाचे शेवटचे ६ अंक विचारतात, त्याच्या शेजारी 'आधार ओटीपी'चा पर्याय असतो. पण तो आधार आणि बँक दोन्हीकडे एकच नंबर असेल तरच. म्हणून हा क्रम उलटा केला की दोन हेलपाटे पडतात.

दुसरी अडचण, "पैसे मंजूर आहेत पण खात्यात नाहीत". शंभरातल्या बऱ्याच जणी इथे अडकतात. आधार 'लिंक' असणं आणि 'सीड' असणं वेगळं. लिंक म्हणजे केवायसीसाठी दिलेलं, ते पाच बँकांत असू शकतं. सीड एकाच बँकेला असतं, जिथे शेवटची संमती दिली तिथे. सरकारी पैसे त्याच खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. नवं खातं उघडताना फॉर्मवरच्या चौकटीत टिक झाली की पैसे तिकडे वळले. सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात असे हप्ते पडून राहतात आणि इकडे बाई रोज शाखेत चकरा मारते.

तपासायला 'माय आधार' पोर्टलवर ओटीपीने आत जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि चालू आहे का ते दिसतं. त्या बँकेत आपलं खातं आठवत नसेल तर जुनी सिमकार्डं आणि जुनी पासबुकं धुंडाळा, सापडतं.

खिडकी_क्रमांक_दोन

रानजाईताई, अगदी बरोबर. त्यात एक भर. नंबर बंद करायच्या आधी बँकेतून काढा. ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला तरी देते. तुमच्या खात्याचे मेसेज मग परक्याच्या फोनवर.

सेवाकेंद्रवाला

गावपातळीवर अजून अंगठाच चालतो, तर त्याबद्दल. आधारवर पैसे काढायची जी पद्धत आहे (एईपीएस) तिच्यात ना पिन ना ओटीपी. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट एवढ्यावर एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. सोय मोठी आहे, म्हातारी माणसं तालुक्याला जायची वाचतात. पण गडबडही इथेच होते.

"सर्व्हर डाउन आहे, परत अंगठा द्या" हे वाक्य ऐकलं की थांबायचं. पहिला व्यवहार खरंच फसला असेल तर मशीन नापास झाल्याची पावती देतं. ती मागायची. पावती नसेल तर दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी शिल्लक विचारायची. शिल्लक कमी झाली असेल तर पैसे निघालेत, मशीन काहीही म्हणो. व्यवहार खरोखर अडकला आणि पैसे कापले गेले तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये बँकेने द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एटीएम आणि दुकानातल्या यूपीआयलाही हेच ५ दिवस. माणसाकडून माणसाला पाठवलेले यूपीआय अडकले तर दुसऱ्याच दिवशी. हे १०० रुपये बँकेने न मागता द्यायचे असतात, पण अर्जात नियमाचा उल्लेख केला की काम लवकर होतं एवढं खरं.

ज्यांना अंगठ्यावर पैसे काढायचेच नसतात त्यांनी आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. नोंदणी कार्यालयात वगैरे अंगठा द्यायची वेळ आली की तात्पुरतं उघडता येतं. रेशन अंगठ्यावर घेणाऱ्यांनी मात्र लॉक करताना विचार करा, दर महिन्याला दुकानाच्या रांगेत उघडत बसावं लागेल.

दुधाचा_पगार

इथे सगळे एक तारखेला पगार होतो असं धरून चाललेत. आमच्या भागात दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, ऊसबिल वर्षातून एक-दोनदा. कापण्या मात्र सगळ्या ५ तारखेला, कारण अर्ज भरणाऱ्याने जो पहिला पर्याय दिसला तो निवडला.

उपाय सोपा आहे, फक्त सुरुवातीलाच करायचा. दुधाचे पैसे खात्यात साधारण कोणत्या तारखांना पडतात ते मागच्या सहा पगारांवरून काढा. त्यातली सगळ्यात उशिराची तारीख धरा आणि पुढे तीन दिवस सोडून हप्त्याची तारीख मागा. एसआयपीला तारीख निवडता येते. ट्रॅक्टर किंवा गाडीच्या कर्जाला करार होण्याआधी विचारलं तरच मिळते, नंतर नाही.

यूपीआय ऑटोपेचं आणखी एक. ऑगस्ट २०२५ पासून या कापण्या गर्दीच्या वेळा सोडून होतात: सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर. म्हणजे "५ तारखेला दुपारी भरतो" असं चालत नाही, पहाटेच कापणी येऊन परत जाऊ शकते. पैसे आदल्या रात्री खात्यात पाहिजेत.

कोरा_चेक

ऑटोपे बंद कुठून करायचं हे कुणी नीट सांगेल का? अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे जातातच.

ताळेबंद

@कोरा_चेक, अ‍ॅप काढल्याने परवानगी रद्द होत नाही. परवानगी बँकेकडे नोंदलेली असते. ती तीन ठिकाणी असू शकते आणि तिन्ही वेगळी तपासावी लागतात.

यूपीआयवर दिली असेल तर ज्या यूपीआय अ‍ॅपमधून दिली त्यात, प्रोफाइलखाली 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट'. तिथे थांबवा आणि रद्द करा असे दोन पर्याय असतात. कार्डावर दिली असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'. नॅच असेल तर नेटबँकिंग किंवा शाखेत लेखी अर्ज. अर्जात मॅन्डेटचा क्रमांक (यूएमआरएन) हवा, तो स्टेटमेंटमध्ये किंवा हप्ता घेणाऱ्याच्या मेलमध्ये असतो. एक इशारा: कर्जाचा नॅच बंद केल्याने कर्ज बंद होत नाही, थकबाकी होते.

आणि देतानाच वाचा. "१ रुपयात ७ दिवस" अशा जाहिरातीवर टिचकी मारली की यूपीआयचा जो पडदा येतो त्यावर मोठ्या अक्षरात १ रुपया असतो आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात कमाल रक्कम, वारंवारता आणि शेवटची तारीख. कमाल १,९९९, दर महिना, शेवटची तारीख तीस वर्षांनंतरची, असंही असतं. पिन टाकला की ते सगळं मान्य केलं. १५,००० पर्यंतच्या कापणीला पुन्हा पिन विचारत नाहीत. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्ड बिलाला ही मर्यादा १ लाख आहे. कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायलाच हवी. ती सूचना मेसेजच्या ढिगात वाचायची राहते, म्हणून बँकेच्या मेसेजना वेगळा आवाज लावून ठेवा.

माजघर

वाचनमात्र होते, एक प्रश्न विचारते. घरातल्या वयस्कर माणसांना किंवा कॉलेजच्या मुलांना खर्चाला पैसे हवे असतात, पण सगळं खातं त्यांच्या हातात द्यायचं नसतं. सध्या लोक सरळ स्वतःचा पिन सांगून मोकळे होतात. दुसरा मार्ग?

हिशेबी

यूपीआय सर्कल. ऑगस्ट २०२४ पासून आहे, वापरतात फार थोडे. खातं तुमचं, स्कॅन ते करतात. दोन प्रकार आहेत. पूर्ण अधिकार दिला तर तुम्ही ठरवाल तितके, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत, ते तुमच्या मंजुरीशिवाय देऊ शकतात. अर्धा अधिकार दिला तर प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर विनंती येते, तुम्ही पिन टाकला की पैसे जातात. एकजण पाच जणांना जोडू शकतो. जोडलेला माणूस मात्र एकाच खातेदाराचा.

अडचण अर्ध्या अधिकारात येते. म्हातारे बाबा मेडिकलच्या काउंटरवर उभे आणि तुम्ही मीटिंगमध्ये, विनंती तशीच संपते. औषधांसाठी पूर्ण अधिकार आणि कमी मर्यादा, समजा ३,००० महिना, हे बरं. मुलांना अर्धा द्या, विनंतीबरोबर दुकानाचं नावही येतं. (मुलं नाराज होतील. होऊ देत.)

ओळखीचा_जामीन

कर्जाच्या अ‍ॅपबद्दल कुणी लिहिलं नाही. डिजिटल कसब वाढलं की घरात पहिली गोष्ट हीच येते. पूर्वी उसने मागायला शेजारी जावं लागायचं, लाज आड यायची. आता रात्री अकराला अंथरुणात पडून दहा हजार मिळतात.

आकडा मांडतो. १०,००० रुपये, ३० दिवसांसाठी, "फक्त अडीच टक्के". प्रोसेसिंग फी ५०० आणि त्यावर जीएसटी ९०, आधीच कापले. हातात ९,४१०. महिन्याने भरायचे १०,२५०. म्हणजे ९,४१० वापरायचे ८४० रुपये, महिन्याला जवळजवळ ९ टक्के, वर्षाच्या हिशेबात १०८ च्या घरात. सावकाराच्या 'शेकडा पाच'ला नावं ठेवणारे लोक हे हसत घेतात, कारण पडद्यावर अडीच लिहिलेलं असतं.

म्हणून सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' उघडायचं. कर्ज देणाऱ्याने ते द्यायलाच हवं. त्यात एपीआर नावाची ओळ असते, फी धरून वार्षिक खर्च तिथे दिसतो. दुसरं काही वाचलं नाही तरी ती ओळ वाचा. त्याच कागदावर कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण ते असतं. अ‍ॅप हा फक्त दलाल. पैसे त्या संस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. मन बदललं तर किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. फी परत मिळेलच असं नाही. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं अ‍ॅप तिथेच बंद करा, ती परवानगी मागायची मुभाच नाही. अधिकृत अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून आहे.

वर्षातून एकदा चारही संस्थांकडून (सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क) आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) फुकट मिळतो. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, असे तीन-तीन महिन्यांनी मागवले की वर्षभर नजर राहते. फेडलेलं कर्ज 'चालू' दिसत असेल तर तिथूनच तक्रार टाकता येते.

रानजाई

+१. गटातल्या अंतर्गत कर्जाचा दर बायकांना तोंडपाठ असतो, अ‍ॅपचा नाही. वरचं ९,४१० चं गणित फळ्यावर मांडण्यासारखं आहे, उचलतेय.

खडीसाखर

अवांतर आहे, पण भिशी आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालते आणि पैसे यूपीआयने. त्यात काही धोका?

खिडकी_क्रमांक_दोन

अवांतर अजिबात नाही. भिशीचा विश्वासाचा भाग तुमचा तुम्ही बघा, मी खात्याचं सांगते. वीस जणींचे पैसे एका बाईच्या बचत खात्यात येतात. त्यातल्या एकीच्या खात्यात कुठून तरी फसवणुकीचे पैसे आलेले असले आणि तेच पुढे भिशीत आले, तर सायबर तक्रारीवरून तेवढी रक्कम, कधी कधी सगळं खातं, गोठतं. भिशी गोळा करणारीचा काही दोष नसतो, पण तिचा पगार, मुलांची फी सगळं त्याच खात्यात अडकतं. भिशीसाठी वेगळं खातं ठेवा. जमा झाले की त्याच दिवशी जिचा नंबर लागलाय तिला पाठवा, शिल्लक ठेवू नका. प्रत्येकीला पाठवताना शेऱ्यात 'भिशी' आणि महिना लिहायला सांगा. खुलासा द्यायची वेळ आली तर तोच शेरा कामाला येतो.

सेवाकेंद्रवाला

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर फक्त क्रम सांगतो, बाकी सगळ्यांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला 'पैसे पाठव' अशी यूपीआय विनंती टाकणं बंद झालंय, त्यामुळे तो जुना प्रकार कमी झाला. सध्या जोर एपीके फाइलचा (मेसेजमधून येणारी, उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आहे. चलन, लग्नपत्रिका, "आज रात्री वीज तोडणार". फाइल उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, मग ओटीपी न सांगताच जातो. सेटिंगमध्ये परवानग्यांच्या खाली 'एसएमएस' उघडून बघा, तिथे मेसेजच्या अ‍ॅपशिवाय कोण कोण आहे. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते *#२१# ने कळतं, ##००२# ने सगळं रद्द होतं.

पैसे गेले तर पहिला फोन १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), बँकेला दुसरा. हातात हवं: वर सांगितलेला १२ अंकी क्रमांक, रक्कम, वेळ. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, तिथून निघाले की अवघड. मग बँकेत लेखी तक्रार आणि पोच. तुमची चूक नसताना, आणि बँकेचीही नसताना, तिसऱ्याच कुणी गंडा घातला असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर तुमची जबाबदारी शून्य. पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही.

दुधाचा_पगार

पतसंस्थेचं काय? आमच्याकडे निम्म्या घरांचा पैसा पतसंस्थेत.

खिडकी_क्रमांक_दोन

पतसंस्था ही बँक नाही. वर लिहिलेले रिझर्व्ह बँकेचे नियम, लोकपाल यांतलं तिथे काही लागू होत नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. तिथलं अ‍ॅप कितीही चकचकीत असलं तरी. तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे उपनिबंधकांकडे. नागरी सहकारी बँक आणि जिल्हा बँक या मात्र बँका आहेत, त्यांना यातलं बहुतेक सगळं लागू आहे. पासबुकाच्या कव्हरवरचं पूर्ण नाव वाचा, 'बँक' की 'पतसंस्था'.

कोरा_चेक

ताळेबंद, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ऑटोपेची यादी सापडली, आभार. एक बारीक शंका. मेलवर आलेलं स्टेटमेंट उघडतच नाही, पासवर्ड मागतं.

ताळेबंद

त्याच मेलच्या मजकुरात पासवर्ड कसा बनवायचा ते लिहिलेलं असतं. कुठे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, कुठे ग्राहक क्रमांक. नाव बँकेत जसं नोंदलंय तसंच टाकायचं. तिथे आडनाव आधी असेल तर आडनावाची चार अक्षरं. आणि जन्मतारीख बँकेत चुकीची नोंदलेली असेल तर तीच चुकीची तारीख टाकावी लागते. उघडलं की ती दुरुस्त करून घ्यायचा अर्जही देऊन टाका.